जागावाटप

रविवारी दुपारी थोरलीची तोंडी परीक्षा होती. सगळं घर जेवायला बसलं होतं आणि तिच्या घशाखाली घास उतरत नव्हता. परीक्षेची भीती तिला नव्हती. चार वर्षांत तिने तो विषय कोळून प्यायला होता. भीती होती ती टेबलाच्या टोकाला शांतपणे जेवत बसलेल्या माणसाची, आणि तो माणूस तिचा बाप होता.

बाप म्हटलं खरं, पण त्या घरात त्यांना बाबा कुणीच म्हणत नसे. ते सर. आजोबांनी काढलेल्या शाळेचे ते मुख्याध्यापक. दोन्ही मुलं त्यांच्याच हाताखाली शिकली, आणि वर्गात 'सर' म्हणायची लागलेली सवय घरी आल्यावर चपलांबरोबर दाराबाहेर काढून ठेवणं कुणाला जमलं नाही. आई होती तोवर ती तरी 'अहो' म्हणायची. ती गेली आणि घरात नुसते सर उरले.

जेवायच्या जागासुद्धा ठरलेल्या. सरांच्या उजव्या हाताला धाकटा, कारण तो वर्गात पहिला यायचा. शाळेचं ऑफिस आता तोच बघतो. डाव्या हाताला थोरली, कारण ती दुसरी यायची. ती प्राथमिक विभाग सांभाळते. मग धाकट्याची बायको, शाळेत विज्ञान शिकवणारी वहिनी. तिच्या समोर थोरलीचा नवरा, औषधाच्या दुकानाचा मालक आणि कुणाच्या अध्यात ना मध्यात असा माणूस. आणि सगळ्यात शेवटी, स्वयंपाकघराच्या दाराला पाठ लावून आत्या, म्हणजे सरांची धाकटी बहीण. तिची बेकरी होती, टेबलावरचा पाव नेहमी तिचाच असायचा, पण तो सगळ्यांकडून फिरून तिच्यापर्यंत शेवटी पोचायचा.

"खा गं डॉक्टरीणबाई," आत्या तिकडून ओरडली. "पाव बघून पोट भरत नाही. आणि माझा गुडघा दुखतोय, त्यावर पण काहीतरी लिहून दे."

"आत्या, मी शिक्षणातली डॉक्टर होणार आहे. तीही झाले तर."

"मग गुडघ्याला शिकव ना काहीतरी!"

सगळे हसले. हा विनोद चार वर्षं चालला होता आणि अजून झिजला नव्हता. थोरलीने ऑनलाइन डॉक्टरेटला नाव घातलं, तेव्हा धाकटा म्हणाला होता, "या वयात? नाकापेक्षा मोती जड व्हायचा, ताई." पण ताईने रेटलं. सकाळी घर उठायच्या आत ती व्याख्यानं ऐकायची, एका कानात इअरफोनचा बोळा आणि दुसरा कान कुकरच्या शिट्ट्यांकडे. शाळा सुटल्यावर प्रयोगशाळेच्या मागच्या अडगळीत बसून लिहायची, कारण घरचं इंटरनेट ऐन वेळी माहेरी जायचं. आपल्या मार्गदर्शक बाईंना खांद्यांच्या खाली तिने अजून पाहिलंच नव्हतं. तरी जगात तिला त्यांच्याइतकं ओळखणारं कुणी नव्हतं, कारण तिचं एकही वाक्य त्यांनी फुकट जाऊ दिलं नव्हतं.

त्याच बाईंचा आज सकाळी निरोप आला होता. वर्णनावरून शाळा कोणती ते ओळखता येतं, तेव्हा शाळेच्या प्रमुखांना निष्कर्ष माहीत आहेत आणि तरीही त्यांची संमती आहे, हे परीक्षकांना त्यांच्याच तोंडून ऐकायचं आहे. संमती नसेल तर शाळेतली सगळी निरीक्षणं प्रबंधातून काढावी लागतील. निरीक्षणं काढली तर उरत होतं काय? मुखपृष्ठ आणि आभार.

टेबलाखालून वहिनीचा पाय तिच्या पायाला लागला. आता बोला, असा त्याचा अर्थ होता.

"सर," थोरली म्हणाली, "आज परीक्षक तुम्हाला एक विचारणार आहेत."

"विचारू देत. चारला शाळेत मी येणारच आहे." सरांचा आवाज खुशीत होता. इस्त्रीचा शर्ट त्यांनी सकाळपासून अंगात घातला होता. पोरगी डॉक्टर होणार, म्हणून ते आठवडाभर जरा ताठच चालत होते.

"माझं चौथं प्रकरण तुम्ही वाचलंत का?"

"पहिलं तपासून दिलं होतं ना मी?"

दिलं होतं. लाल पेनाने स्वल्पविराम घालून, समासात 'अक्षरं लहान आहेत' असा शेरा मारून परत केलं होतं.

"तपासलंत सर. वाचलंत का?"

सरांनी वर पाहिलं. "परवानगीच्या कागदावर मी सही केली की नाही? पोटच्या मुलीच्या कागदावर वाचायचं काय असतं?"

आता झाकली मूठ उघडल्यावाचून गत्यंतर नव्हतं. थोरलीने पाण्याचा घोट घेतला.

"ते प्रकरण जागावाटपावर आहे."

जागावाटप ही त्या शाळेची खूण होती. दर चाचणीनंतर वर्गातली मुलं दप्तरं छातीशी धरून भिंतीला लागून उभी राहत. सर पहिल्यापासून नावं वाचत, आणि ज्याचं नाव येईल तो पुढच्या बाकापासून बसत जाई. कमी मार्कांची मुलं सर्वांत शेवटपर्यंत उभी. ही पद्धत आजोबांनी घातली, सरांनी पुढे चालवली आणि गावभर तिचा डंका होता. आईबाप नातेवाइकांना मार्क सांगत नसत, बाक सांगत.

"त्यावर कौतुकाचं लिहिलंयस?" सरांनी विचारलं. त्यांनी ते इतक्या सरळपणे विचारलं, की थोरलीला क्षणभर 'हो' म्हणून टाकावंसं वाटलं.

"नाही सर." तिने एका दमात सांगून टाकलं. "मी वर्षभर वर्गांचं चित्रण केलं. पहिल्या बाकावरच्या पोराने हात अर्धा उचलला तरी शिक्षकाला दिसतो. शेवटच्या बाकावरचा हात वर असतो, वरच असतो, आणि मग दुखायला लागला की खाली येतो. शाळा सुरू होताना मागचे हातही वर असतात. सहामाहीपर्यंत ते यायचेच थांबतात. मग दोन वर्गांत, तुमच्या त्याच परवानगीवर, आम्ही दर आठवड्याला बाक फिरवले, तर ते हात पुन्हा वर यायला लागले. म्हणजे पोरं मठ्ठ नव्हती. त्यांच्याकडे कुणी बघत नव्हतं."

नवऱ्याने हातातला चमचा आवाज न करता खाली ठेवला.

पहिला भडका धाकट्याचा. "ताई, तुझं डोकं ठिकाणावर आहे ना? प्रवेश सुरू व्हायचेत. लोक आपल्याकडे जागावाटपासाठी येतात, आणि तू जगाला सांगणार की ते चूक आहे? स्वतःच्या घरावर दगड मारतेस?"

"शाळेचं नाव कुठंही लिहिलेलं नाही."

"पण ओळखू येतं, असं तुझेच लोक म्हणतायत! सर, तुम्ही संमती देऊ नका. सरळ नाही म्हणा. हवं तर तिने दुसऱ्या शाळेत जाऊन करावं पुन्हा."

"पुन्हा?" वहिनी म्हणाली. "चार वर्षं पुन्हा?"

"तू मध्ये पडू नकोस, तुला माहीत नाही त्यात काय आहे."

"मला माहीत आहे. मी वाचलंय. त्या दोन वर्गांतला एक माझा होता."

धाकटा बायकोकडे बघतच राहिला. "तू वाचलंस? आणि मला बोलली नाहीस?"

"तू विचारलं नाहीस. पहिल्या बाकावरची माणसं सांगत असतात, विचारत नाहीत."

आत्या पदराआड हसली, पण तिचं हसू कुणाला दिसलं नाही. सगळे सरांकडे बघत होते. धाकट्याने बाजू मांडली, थोरलीने मांडली, वहिनी नवऱ्याला सोडून नणंदेच्या पंगतीला जाऊन बसली. आता निकाल द्यायचा तो त्यांनीच.

"या बाकांनी डॉक्टर दिले, इंजिनिअर दिले," सर हळू म्हणाले. "जिल्ह्यात पहिली आलेली मुलं दिली."

"आणि मला दिली बेकरी," आत्या म्हणाली. "तक्रार नाही हं. पाव बरा होतो."

सरांनी तिच्याकडे लक्ष दिलं नाही. "माझ्या वडिलांनी घातलेली पद्धत आहे ती. ते असते तर त्यांच्यासमोर बोलली असतीस?"

"नसते बोलले," थोरली म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते आणि तिला त्याचा राग येत होता. "तुमच्यासमोर तरी कुठं बोलत होते सर? वर्षभर प्रबंध तुमच्या टेबलावर ठेवला. म्हटलं, वाचतील आणि मग मला सांगायला नको. आणि ते न बघणाऱ्या शिक्षकांत मीसुद्धा आहे. स्वतःचा तास पडद्यावर पाहिला त्या दिवशी मी जेवले नाही. मी तुमच्याकडे बोट दाखवत नाहीये."

सर उठले. हात धुतले, नेहमीसारखे कोपरापर्यंत. खुंटीवरची शाळेची किल्ली घेतली आणि निघून गेले.

"झालं," धाकटा म्हणाला. "चारला आता कुलूप दिसेल."

स्वयंपाकघरात थोरलीने भांड्यांवर राग काढायला सुरुवात केली, तेव्हा आत्या येऊन शेजारी उभी राहिली आणि न सांगता भांडी पुसायला लागली.

"दादा नाही म्हणाला तर काय होईल?"

"पदवी जाईल. निदान दोन-तीन वर्षं तरी. आणि आत्या, खरं सांगू? मला नाही पुन्हा जमायचं. अंगात बळ नाही उरलेलं." तिने नळ बंद केला. "पण त्याहून वाईट म्हणजे, त्यांना वाटेल की मी त्यांची शोभा करायला शिकले."

आत्याने ताटली उलटसुलट करून पाहिली. "मी पण हात वर करायचे. तुझे आजोबा वर्गावर असायचे तेव्हा, दोन इयत्ता एकाच खोलीत बसायच्या. स्वतःचा बाप समोर, तरी माझ्यापर्यंत नजर नाही यायची त्यांची. एकदा तर एका हाताने दुसऱ्याला टेकू दिला होता. मग सोडून दिलं आणि बाकाखाली विणायला शिकले. चांगलं विणते मी, माहितीये ना?"

"तू कधी बोलली नाहीस हे."

"विचारलं कुणी? तू एवढा अभ्यास केलास, तू पण पोरांनाच विचारलंस." तिच्या बोलण्यात राग नव्हता. भाजलेल्या पावाची पाटी पुढे सरकवावी तसं ते तिने पुढे सरकवलं होतं, घे नाहीतर ठेव. थोरलीला मात्र तोंडात मारल्यासारखं झालं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच, आणि दिवा तिने स्वतः लावलेला.

सगळे शाळेत पोचले तेव्हा कुलूप नव्हतं. सातवीचा वर्ग उघडा होता, झाडलेला होता आणि पहिल्या बाकावर सर बसले होते, पाठ ताठ, हात मांडीवर. थोरलीने त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळतंय का ते पाहिलं. काही कळलं नाही. वर्गात पर्यवेक्षण करताना त्यांचा जो चेहरा असायचा, तोच.

वर्गात माणसं आली ती आपोआप आपापल्या जागी गेली. कुणी कुणाला सांगितलं नाही. धाकटा सरांच्या शेजारच्या पहिल्या बाकावर, वहिनी त्याच्या मागे, आणि आत्या तडक शेवटच्या बाकावर, मागच्या दाराजवळ. नवरा पुढे भिंतीपाशी प्रोजेक्टरच्या वायरींचं भेंडोळं सांभाळत उकिडवा बसला. थोरलीने शिक्षकाच्या टेबलावर लॅपटॉप ठेवला आणि ती वर्गाकडे तोंड करून बसली. तिच्या मागच्या भिंतीवर तिची चित्रं आणि तक्ते पडत होते. लॅपटॉपमध्ये तीन चौकोन उघडले. एकात मार्गदर्शक बाई, दोनांत परीक्षक. एक म्हातारे गृहस्थ, मागे पुस्तकांचा ढीग. दुसऱ्या तिच्यापेक्षा लहान दिसणाऱ्या बाई, मागे कोरी भिंत.

तिने बोलायला सुरुवात केली. पहिली काही वाक्यं पाय फरफटत आली, मग गाडी रुळावर लागली. ती पद्धतीवर बोलली, मर्यादांवर बोलली. परीक्षक बाईंनी अडवलं, "बाक फिरवल्यामुळे फरक पडला, की नुसतं कुणीतरी लक्ष देतंय म्हणून?" त्या प्रश्नाची ती वाटच बघत होती. उत्तर देता देता तिने हातांचं चित्र भिंतीवर आणलं. नुसता मागून काढलेला वर्ग, चेहरे नसलेला, आणि एक वर आलेला लहानसा हात.

तेवढ्यात सर उठले.

त्यांनी बाकाच्या कडेला धरून स्वतःला सरळ केलं आणि ते दोन बाकांच्या मधून मागच्या दाराकडे चालायला लागले. थोरलीने एवढंच पाहिलं आणि नजर पडद्यावर खाली आणली. त्यांना निघून जाताना बघायचं बळ तिच्यात नव्हतं. मागे दार वाजलं. गेले. ती बोलत राहिली. कसं, ते तिलाच माहीत. चार वर्षं कुकर, पालकसभा आणि वर्गातला गोंगाट यांच्यामधून बोलायची सवय होती, ती कामी आली.

प्रश्न संपले. म्हाताऱ्या परीक्षकांनी चष्मा काढला. "काम चांगलं आहे. पण तुमच्या मार्गदर्शकांनी कळवलं असेलच. शाळेचे प्रमुख हजर आहेत का?"

थोरलीने पहिल्या बाकाकडे पाहिलं. बाक रिकामा होता. धाकट्याकडे पाहिलं, तर तो खाली बघत होता. वहिनीच्या डोळ्यांत पाणी होतं. तिने पुन्हा त्या रिकाम्या बाकाकडेच पाहिलं, जणू बघत राहिलं तर तिथे कुणी येऊन बसेल.

"ते होते," ती म्हणाली. "ते... बहुतेक बाहेर गेले."

"मी व्यवस्थापनातर्फे सांगू शकतो," धाकटा अर्धवट उठत म्हणाला. आणि त्याचं 'नाही' आता तोंडातून पडणार, हे सगळ्यांना कळलं.

"अगं ए डॉक्टरीणबाई!" मागून आत्याचा आवाज आला. "इकडं बघ जरा! कधीचा हात वर करून बसलाय हा!"

थोरलीने मान वर केली. शेवटच्या बाकावर, आत्याच्या शेजारी, सर बसले होते. बाक लहान होता, गुडघे त्यांच्या पोटाशी आले होते. उजवा हात वर होता, आणि तो दुखायला लागल्यामुळे डाव्या हाताने त्याला कोपराशी टेकू दिला होता. दार लावलं होतं ते आत्याने, वारा लागतो म्हणून.

ती त्यांच्याचकडे तोंड करून बसली होती. मध्ये भिंत नव्हती, पडदा नव्हता. तरी दिसले नव्हते.

"बोला सर," ती म्हणाली.

सर उभे राहिले. शेवटच्या बाकावरून बोलायला उभं राहायचं असतं, हा त्यांचाच नियम. "मी या शाळेचा प्रमुख. निष्कर्ष मला आज जेवताना कळले. आधी कळायला हवे होते, प्रबंध माझ्या टेबलावर होता." त्यांनी बाकाची कड धरली. "पद्धत माझ्या वडिलांची आहे. ती चूक आहे असं म्हणायला माझी जीभ अजून वळत नाही. पण मुलीने जे पाहिलं ते खरं आहे. माझी संमती आहे."

मार्गदर्शक बाईंनी डोळे मिटून श्वास सोडला, ते लॅपटॉपमध्ये दिसलं.

"आणि एक," सर म्हणाले. "शेवटचा भाग मला इथून नीट ऐकू आला नाही. भिंतीवरचं वाचताही येत नाही. तेवढं परत सांगशील?"

परीक्षक बाई हसल्या. "सांगा त्यांना. आम्ही तोवर आपसांत बोलून येतो." आणि दोन्ही चौकोन काळे झाले.

थोरली उठली आणि बाकांमधून मागे गेली. या वर्गात ती विद्यार्थिनी म्हणून बसली होती आणि शिक्षिका म्हणून उभी राहिली होती, पण शेवटच्या बाकापर्यंत बसायला म्हणून ती कधीच आली नव्हती.

"सरक रे दादा," आत्या म्हणाली. "पोरीला टेकू दे."

सर सरकले. तिघं त्या बाकावर कशीबशी मावली. थोरलीने चौथं प्रकरण सांगायला घेतलं, आकडे सोडून, नुसत्या मुलांबद्दल. आत्याने मध्येच विणकामाचं सांगितलं, आणि सरांनी मान वळवून बहिणीकडे पाहिलं. "बाकाखाली?" त्यांनी विचारलं. "मी पुढे होतो. मला कधी दिसलंच नाही." "तू मागे कधी बघितलंस?" आत्या म्हणाली आणि त्यांच्या शर्टावरचा पावाचा चुरा तिने झटकला. वहिनी उठून समोरच्या बाकावर उलटी बसली. धाकटा आपल्या पहिल्या बाकावर एकटाच होता. थोडा वेळ त्याने मोबाइल पाहिला, थोडा वेळ छत पाहिलं, आणि मग तोही आला, कुणाकडे न बघता, हाताची घडी घालून भिंतीला टेकून उभा राहिला. त्याचं मन वळलं होतं असं नाही. पण समोर बसून एकट्याने करायचं काय?

ती सांगत असतानाच पुढे टेबलावर लॅपटॉपने कसलासा आवाज केला. तक्त्यांच्या जागी भिंतीवर चौकोन उजळले होते. म्हातारे परीक्षक हसून काहीतरी बोलत होते, रिकाम्या खुर्चीला उद्देशून. मार्गदर्शक बाई टाळ्या वाजवत होत्या. ओठ हलताना दिसत होते. शेवटच्या बाकापर्यंत येत होती ती नुसती कुजबूज.

"काय म्हणाले?" वहिनीने विचारलं.

"कळलं नाही," थोरली म्हणाली. त्या लहान बाकात ती अशी अडकली होती, की तिला चटकन उठताच येईना.

सरांनी हात वर केला. क्षणभर वाट पाहिली. कुणी बघत नाही, हे त्यांच्या लक्षात आलं. मग ते उभे राहिले आणि अख्ख्या मैदानाला ऐकू जायचा तो आपला जुना आवाज त्यांनी लावला:

"जरा मोठ्याने बोला हो! इथं मागे पण माणसं बसलीत!"